वुजूचं पाणी आणि ड्रेनेजची लाइन

(छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) इथल्या युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला 'युवक आणि समाजकार्य' असा विषय दिला होता. मी प्लंबिंग-ड्रेनेजची कामं घेतो. जे येतं त्यावरच बोलावं, म्हणून आज गटारीवर बोलतो. पहिल्या रांगेतल्यांनी नाक धरायची गरज नाही, नमुना आणलेला नाही.

काही वर्षांपूर्वी जुन्या शहरातल्या एका गल्लीतून खालांचा फोन आला. "बेटा, पानी में बास आरी." गल्ली आठ फुटांची, घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या. दोन घरांत कावीळ झालेली. एका घरात सातव्या महिन्यातली सून. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक प्रकार आहे, हिपॅटायटिस ई. तो गरोदर बाईच्या जिवावर उठू शकतो. मी म्हटलं, आधी हिला माहेरी पाठवा, लाइनचं मग बघू.

खालांचा प्रश्न वेगळाच होता. या पाण्यानं वुजू होईल का? घाण मिसळून पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली तर ते तहारतीला चालत नाही, हे मक्तबमधलं पोरही सांगेल. पण काविळीचा विषाणू यातलं काहीच न बदलता पाण्यात असू शकतो. नाकाला कळलं ते त्या गल्लीचं नशीबच म्हणायचं.

आता दोष शोधायचा कसा? आपल्याकडे पहिली गोष्ट काय होते, तर टिकाव पडतो. जिथं ओल दिसली तिथं खोदा. पण पाणी फुटतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. म्हणून मी खालांना आधी विचारलं, वास कधी येतो? त्या म्हणाल्या, पाणी सुटलं की पहिली काही मिनिटं, मग जातो. अर्धं निदान तिथंच झालं.

आपल्याला जायकवाडीचं पाणी येतं, पण रोज येत नाही. मधल्या दिवसांत नळाची पाइपलाइन रिकामी पडते. भरलेल्या पाइपला भोक असेल तर पाणी बाहेर जातं. रिकाम्या पाइपला भोक असेल तर बाहेरचं आत येतं. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की पाइप अक्षरशः शोषून घेतो. (मोटर लावणाऱ्यांनी हात वर करू नका, मला माहीत आहे.) शेजारी ड्रेनेज गळत असेल तर तो काय शोषणार ते सांगायला नको. नंतर दाब आला की पाणी स्वच्छ दिसतं आणि आपण म्हणतो, चला, झालं नीट.

पुढच्या वेळी पाणी सुटलं तेव्हा आम्ही दोघे-तिघे क्लोरीन तपासायची साधी किट घेऊन दारोदार उभे राहिलो. पाण्यात थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असायला हवं. घाण मिसळली की ती क्लोरीन खाऊन टाकते. पहिल्या चार घरांत पहिल्या बादलीला पिवळा रंग आला. पाचव्या घरापासून पुढे काहीच नाही. घर, वेळ, रंग, सगळं वहीत लिहिलं. पुढे कार्यालयात अर्ज दिला तेव्हा ही वहीच कामी आली. नुसतं 'पाणी घाण येतं' म्हटलं की अर्ज फायलीत जातो, तक्ता जोडला की निदान कुणीतरी वर मान करून बघतं.

मग ड्रेनेजकडे वळलो. यासाठी कॅमेरे मिळतात, पाइपात सोडून आतलं सगळं बघता येतं. आमच्याकडे होता आरसा आणि बॅटरी. एका चेंबरमध्ये बॅटरी धरायची, दुसऱ्यात तिरका आरसा. लाइन सरळ आणि मोकळी असेल तर आरशात पूर्ण गोल दिसतो, चौदहवी का चाँद. ईदचा चाँद दिसला, तर समजा पाइप बसलाय, सरकलाय किंवा आत काहीतरी साचलंय. बाकी महिन्यांत चंद्रकोर बघायला गच्चीवर जातो, तशी ही चेंबरवर वाकून बघायची. वरच्या टप्प्यात गोल दिसला. चौथ्या घराच्या पुढे कोरही दिसली नाही. वरच्या चेंबरमध्ये रंगीत पाण्याच्या दहा बादल्या ओतल्या. खाली रंग आला तो उशिरा आणि फिका. बाकीचं पाणी जमिनीत जात होतं.

मधे एक चेंबर असायलाच हवं होतं. सापडेना. गल्लीतले एक चाचा म्हणाले, होतं की, त्या ओट्याखाली. ओट्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. तो ओटा मीच बांधला होता. धंद्यात नवा होतो, मालक म्हणाले झाकण दिसायला वाईट दिसतं, मी वरून फरशी टाकली. पैसे घेतले आणि विसरलो.

ओटा मीच फोडला. खाली चिनी मातीचे जुने पाइप. एकेक तुकडा सिमेंटनं जोडलेला, जमीन बसली की सांधा तडकतो. त्यात एक तुकडा खचून उताराचं पोट झालेलं. चार इंची लाइनला साधारण चाळीस फुटांत एक फूट उतार लागतो. पोट पडलं की तिथं गाळ बसतो, मागं पाणी तुंबतं आणि सांध्यातून झिरपतं. आणि त्याच चरात, अगदी अंगाला अंग लावून, पाचव्या घरापासून पुढच्यांना पाणी देणारा नळाचा लोखंडी पाइप. गंजलेला. शास्त्र सांगतं की या दोन लाइनींत दहा फूट अंतर हवं. गल्लीच आठ फुटांची, तिथं दहा फूट कुठून आणणार? मग निदान पाण्याची लाइन वेगळ्या चरात आणि ड्रेनेजच्या दीडेक फूट वर हवी.

तडकलेल्या सांध्यावर सिमेंट थापून काम भागत नाही, जमीन पुन्हा बसते आणि सिमेंट पुन्हा तडकतं. आम्ही पूर्ण टप्पा बदलला. पीव्हीसी पाइप, रबरी रिंगचे सांधे, खाली वाळूचा थर. बुजवायच्या आधी खालचं तोंड बंद करून लाइन पाण्यानं भरली, वरच्या चेंबरमध्ये खडूनं खूण केली आणि अर्धा तास चहा पीत बसलो. पातळी हलली नाही, मगच माती टाकली. बुजवल्यावर तपासणी म्हणजे जनाज्यानंतर डॉक्टर बोलावणं.

खर्चावरून भांडण झालंच. वरच्या चार घरांचं म्हणणं, आमचं पाणी साफ आहे, आम्ही का द्यायचे? चाचा म्हणाले, पाणी तुमचं साफ आहे, पण फुटलेल्या पाइपातून वाहत होतं ते तुमचंच. पैसे जमले.

एक गोष्ट सांगायची राहिली. चेंबर तुंबलं की आपण काय करतो? एक माणूस बोलावतो, तो झाकण उघडून आत उतरतो. तो कोण असतो, कुठल्या वस्तीतला असतो, हे आपल्याला माहीत असतं आणि आपण बोलत नाही. मशिदीत एका सफमध्ये उभं राहण्याचा अभिमान सांगणारे आपण, त्याला पाण्याचा पेला वेगळा देतो. चेंबरमधला हायड्रोजन सल्फाइड वायू सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, जास्त झाला की नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून माणूस खाली वाकतो आणि पडतो. काढायला उतरलेला दुसराही पडतो. 2013च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारीत किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात फक्त महापालिका किंवा ठेकेदार येत नाहीत, बोलावणारे तुम्ही-आम्हीही येतो. ऑक्टोबर 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. तेव्हा कामटी, सळई, जेटिंग मशीन, जे लागेल ते वरून. माणूस आत नाही.

आणि बकरी ईद. ईदच्या दिवसांत माझा फोन थांबत नाही. चरबी गरम पाण्यानं धुऊन मोरीत सोडली की दोन घरांपुढे जाऊन थिजते. आतडी, रक्त, मीठ, सगळं त्याच चार इंचांत. रस्त्यातला काटा बाजूला करणं हा ईमानाचा भाग मानणारी माणसं आपण, आणि शेजाऱ्याच्या संडासात आपल्या कुर्बानीची चरबी उलटी येते. चरबी वेगळ्या पिशवीत बांधा, घंटागाडीला द्या. मोरीच्या तोंडाला जाळी लावा.

आपल्या शहराला हे काही नवीन नाही. मलिक अंबर, हबशी गुलाम म्हणून आलेला माणूस, त्यानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथं नहर-ए-अंबरी बांधली. जमिनीखालच्या त्या नहरीला आत बघायला, साफ करायला ठिकठिकाणी तोंडं ठेवली होती. चारशे वर्षांपूर्वी त्याला कळलं होतं की उद्या कुणालातरी हे उघडावं लागेल. मला ओटा बांधताना कळलं नाही. पाणचक्कीच्या बाजूनं वाहणारी खाम बघा. आपल्या गटारींचं पाणी तिच्यात उतरतं, ती पुढे नाथसागराकडे जाते, आणि तिथूनच आपल्या नळाला पाणी येतं.

खालांच्या गल्लीतला ओटा मी परत बांधून दिला, माझ्या खर्चानं. मधोमध लोखंडी झाकण ठेवलंय, उचलायला दोन कड्यांसह. चाचा त्यावर खुर्ची टाकून बसतात. दर बकरी ईदच्या आठवडाभर आधी त्यांना उठवावं लागतं, झाकण उघडायला. यंदाही उघडणार आहोत. बघायला यायचं असेल त्यांनी घरून एक आरसा आणा, बॅटरी माझ्याकडे आहे.