कामगाराचे मूल आणि शहराचा आराखडा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही साथींनी विचारले, मुलांसाठी शहर कसे असावे हा प्रश्न नगररचनाकारांचा. कामगार संघटनेचा त्याच्याशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देतो. आपण लढून पगारवाढ मिळवतो. पण वस्ती कामापासून वीस किलोमीटर दूर गेली की ती वाढ बसभाड्यात जाते. मूल सांभाळायला कोणी नाही म्हणून बाईने काम सोडले, तर घरातला एक पगारच बुडतो. आणि थोरली मुलगी धाकट्यांसाठी घरी राहिली, तर तिची शाळा सुटते. घर, शाळा आणि काम यांतले अंतर हा म्हणूनच मजुरीचा प्रश्न आहे.

आम्ही चेन्नईचे उदाहरण घेतो, कारण हे शहर कामगार चळवळीला परके नाही. १९१८ साली मद्रास लेबर युनियन येथेच स्थापन झाली. १ मे १९२३ रोजी सिंगारवेलर यांनी देशातला पहिला कामगार दिन येथेच पाळला. मुलांच्या बाबतीतही या राज्याने पुष्कळ करून दाखवले आहे. शाळेतल्या दुपारच्या जेवणाची योजना १९८२ साली मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. तिची मुळे मद्रास महापालिकेच्या शाळांत त्याच्या साठ वर्षे आधीची आहेत. २०२२ पासून सकाळच्या नाश्त्याची योजना आली आणि २०२३ मध्ये ती राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत पोचली. मे २०२१ पासून साध्या शहर बसमध्ये स्त्रियांना तिकीट नाही. हे सारे कष्टकऱ्यांच्या उपयोगाचे आहे आणि तसे मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

परंतु ज्या शहराने मुलाच्या ताटाचा विचार केला, त्याने मुलाच्या घराच्या जागेचा विचार तितक्या काळजीने केलेला दिसत नाही.

१९७० साली तामिळनाडूत झोपडपट्टी निर्मूलन मंडळ स्थापन झाले. २०२१ मध्ये त्याचे नाव बदलून नागरी निवास विकास मंडळ झाले. सुरुवातीच्या काळात मंडळाने पुष्कळ ठिकाणी झोपडपट्टी होती तेथेच तीन-चार मजली चाळवजा इमारती बांधल्या. घरे लहान होती, दुरुस्तीची बोंब होती. पण कामाची जागा, शाळा, दवाखाना आणि ओळखीचा शेजार तसाच राहिला. २००० नंतर वारे फिरले. नदीकाठच्या आणि रस्त्याकडेच्या वस्त्या उठवून कुटुंबांना शहराच्या दक्षिण टोकाला नेण्यात येऊ लागले. आधी कण्णगी नगर, २००४ च्या त्सुनामीनंतर सेम्मंचेरी, पुढे पेरुंबाक्कम. शहराच्या मध्यभागापासून वीस-पंचवीस किलोमीटर, एकेका ठिकाणी हजारो घरे. कण्णगी नगरातील पहिली घरे दोनशे चौरस फुटांहूनही लहान होती. पेरुंबाक्कमच्या इमारतींना तळमजला आणि वर सात मजले आहेत.

आता ही रचना मुलाच्या बाजूने पाहू. घरकाम करणारी बाई पूर्वी दहा मिनिटांत कामावर जात असे आणि दुपारी येऊन पोरांना जेवू घालीत असे. आता ती पहाटे निघते आणि अंधारात परतते. अंगणवाडी दुपारी बंद होते. पुढचे तास मूल कोणाच्या नजरेखाली असावे, याचे उत्तर आराखड्यात नाही. सातव्या मजल्यावरच्या आजीला खाली खेळणारे पोर दिसत नाही. लिफ्ट बंद असली की ती खालीही उतरू शकत नाही. निरनिराळ्या वस्त्यांतून आणलेली कुटुंबे एकमेकांना अनोळखी, त्यामुळे 'जरा पोराकडे बघ गं' असे शेजारणीला सांगण्याची सोय सुरुवातीला नसते. घराचा ताबा मिळतो त्या दिवशी शाळा, बालवाडी, दवाखाना आणि पुरेशा बसगाड्या तेथे नसतील, तर त्या घराला पुनर्वसन म्हणता येत नाही.

स्थलांतराची वेळ हा दुसरा मुद्दा. २०२२ च्या एप्रिल अखेरीस न्यायालयाच्या आदेशावरून बकिंगहॅम कालव्याकाठच्या गोविंदस्वामी नगरात पाडकाम सुरू झाले. मे महिन्यात दहावी-बारावीच्या परीक्षा होत्या. रहिवाशांनी मुदत मागितली. ८ मे रोजी एका वृद्ध रहिवाशाने स्वतःला पेटवून घेतले आणि त्यात त्यांचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की या कुटुंबांना जवळच मंदवेली-मैलापूर भागात घरे दिली जातील आणि यापुढे लोकांशी आधी चर्चा केली जाईल. जवळ घरे देता येतात, हे यावरून सिद्धच झाले. ते कळायला एका माणसाचा जीव जावा लागला, हे चळवळीने विसरू नये.

यावर सरकारची बाजू अशी की नदीकाठ धोक्याचा आहे. २०१५ च्या पुरानंतर हे कोणी नाकारणार नाही. पण सेम्मंचेरी आणि पेरुंबाक्कम या वसाहती पल्लिकरणै पाणथळीच्या आसपास आहेत आणि तेथेही पावसाळ्यात पाणी भरते. पुराच्या पाण्यातून उचलून पुन्हा पाण्याच्याच वाटेत बसवले, तर सुरक्षिततेचा दावा टिकत नाही.

या वसाहतींतली मुले दुबळी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. २०२५ मध्ये बहारीन येथे आशियाई युवा क्रीडा स्पर्धेत मुलींच्या कबड्डीचे सुवर्णपदक भारताने जिंकले. त्या संघात कण्णगी नगरची मुलगी होती. कबड्डीला महागडे साहित्य लागत नाही. लागते ती थोडी मोकळी जमीन, संध्याकाळचा दिवा आणि मुलीला तेथवर निर्धास्त जाता येईल असा रस्ता.

महाराष्ट्रातल्या साथींना हे दूरचे वाटू नये. मुंबईत १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाकडे घरांसाठी जायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त रिकाम्या जमिनीपुरता ठेवला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. गिरणगावच्या पोरांची मैदाने अशी कागदावर आकसली.

कायद्याची स्थिती पाहा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात तीसहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघराची सक्ती होती. २०१७ च्या दुरुस्तीने आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने पन्नास कर्मचाऱ्यांची अट घातली. त्यात स्त्री-पुरुष दोघे मोजले जातात, हे चांगले. पण घरकामगार, फेरीवाली, पाच-दहा जणांच्या कारखान्यातली कामगार यांना मालकाच्या दारी पाळणाघर मिळणार नाही. त्यांच्यासाठी ते वस्तीतच हवे.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. पुनर्वसन मूळ वस्तीच्या जागी किंवा जवळच व्हावे.
२. शैक्षणिक वर्ष चालू असताना एकही वस्ती हलवू नये.
३. घरांचा ताबा देण्यापूर्वी शाळा, बालवाडी, दवाखाना आणि कामाच्या वेळांना धरून बस सुरू झालेली असावी.
४. वस्तीतली पाळणाघरे कामाच्या वेळेनुसार चालावीत. तेथील सेविकांना कामगाराचा दर्जा आणि किमान वेतन मिळावे.
५. मैदाने, पदपथ आणि दिवे यांचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी वस्तीतल्या स्त्रियांचे आणि मुलांचे म्हणणे नोंदवावे.

भारताने बालहक्क संहिता १९९२ साली मान्य केली. तिच्या ३१ व्या कलमात खेळ हा मुलाचा हक्क म्हटला आहे. हा हक्क मागण्यांच्या पत्रकात आपण लिहिला नाही, तर दुसरे कोणी लिहिणार नाही. परत गेल्यावर प्रत्येक शाखेने एवढे करावे : आपल्या सभासदांच्या मुलांची शाळा घरापासून किती अंतरावर आहे, आई कामावर असताना मूल कोठे असते आणि ते खेळते कोठे, याची नोंद करावी. ही माहिती हाती घेऊन आपण महापालिकेच्या दारात उभे राहू, तेव्हा आराखडा पुढ्यात ठेवून बोलणी करता येतील.