उतारवयातील धुळाक्षरे



या व्याख्यानमालेचे निमंत्रण द्यावयास चालक मंडळी आमच्या घरी आली, तेव्हा त्यांनी सहज एक तक्रार बोलून दाखविली. अलीकडे व्याख्यानांस तरुण येत नाहीत. येतात ते सगळे पेन्शनर, अशी ती तक्रार. आता समोर पाहतो तर तीत तथ्य आहे, हे कबूल करावे लागते. पहिल्या चार रांगांत काळा केस शोधूनच काढावा लागेल, आणि जे सापडतील त्यांतील काहींच्या काळेपणाविषयी आम्हांस शंका आहे.

पण हिला तक्रार का म्हणावे, ते आम्हांस कळत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. शाळा सुटली म्हणजे शिकणे सुटले असे नव्हे, हाच अशा मालांचा व्यवहारातला अर्थ. यवतमाळच्या वैशाखात दिवसभर घरात कोंडून घेतलेला सत्तरीचा माणूस संध्याकाळी पायांत चपला सरकवून दीड तास ऐकावयास येतो, ही लाजेची गोष्ट नाही. उतारवयातील शिक्षणाची सोय आपल्या गावात आहे काय, असे कोणी विचारले तर आम्ही याच मंडपाकडे बोट दाखवू.

मात्र आम्हांस आज बोलावयाचे आहे ते येथे न आलेल्या म्हाताऱ्यांविषयी. आपण येथे आलो, कारण आपणांस भिंतीवरचे पत्रक वाचता आले.

आमच्या शेजारी एक बाई राहतात. वय बहात्तरच्या आसपास. नक्की त्यांनाही ठाऊक नाही. सारा जन्म कापूस वेचण्यात गेला. पाच-सहा वर्षांपूर्वी एका दुपारी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, मले माह्यं नाव लिवता आलं पाह्यजे." आम्ही तीस वर्षे मास्तरकी केलेली. तरी आमच्या तोंडून जे पहिले वाक्य निघाले, ते आज सांगतानाही संकोच वाटतो. आम्ही म्हणालो, "आता या वयात कशाला, आजी?"

त्यांनी कारण सांगितले. नवरा वारल्यानंतर पीककर्जाचा कागद म्हणून एका कागदावर त्यांनी अंगठा दिला होता. तो निघाला नात्यातल्या एकाच्या कर्जाचा जामीनकीचा. तीन एकर वावर त्या भानगडीत आठ वर्षे अडकले. सावकार, नातलग, कारकून यांतील कोणालाही त्या शिव्या देत नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, "अंगठ्याले डोये नसतात, गुरुजी."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाटी घेतली. नाव लिहावयास चार महिने लागले. आमच्या शिकवण्यात दोष होता. आम्ही मुलांच्या रिवाजाप्रमाणे 'अ' पासून आरंभ केला. त्यांना हवे होते त्यांच्या नावातले चौथे अक्षर, आणि आम्ही त्यांना अननस शिकवीत होतो, जो त्यांनी उभ्या जन्मात खाल्लेला नव्हता. पुढे लक्षात आले की, म्हातारपणी शिकावयास येणारा माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही. किती किलो वेचणी झाली, काय भावाने झाली, मुकादमाने किती कापले, हा हिशेब बाई आमच्याआधी तोंडी करीत. त्यांना गणित येत होते. फक्त आकड्यांचे चेहरे ओळखीचे नव्हते. ते आठ दिवसांत ओळखीचे झाले. अक्षरांआधी आकडे घेतले असते तर दोन महिने वाचले असते.

पुढचा भाग ऐकून आपणांस हसू येईल. सही येऊ लागल्यावर बाई मोठ्या उमेदीने पैसे काढावयास गेल्या, तर खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितले की, तुमचे खाते अंगठ्यावर आहे, सही चालणार नाही. नवा अर्ज करा, फोटो आणा. इकडे राशन दुकानातील यंत्र त्यांचा अंगठा ओळखीना. पऱ्हाटीची बोंडे वेचून वेचून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या, त्याला यंत्र तरी काय करणार! म्हणजे सही कागदावर चढली नव्हती आणि अंगठा बोटावरून उतरला होता. तिसऱ्या खेपेस अर्ज मंजूर झाला. आता त्या पासबुकातील आकडा वाचतात, एस.टी.ची पाटी वाचतात, आणि फोनवर आलेला गुप्त आकडा कोणास सांगावयाचा नाही हेही त्यांना ठाऊक आहे. पोथी अजून वाचता येत नाही. त्याची त्यांना घाईही दिसत नाही.

आता "या वयात कशाला" हे वाक्य आमच्या एकट्याच्याच तोंडी आले असते तर आम्ही ते येथे सांगितले नसते. ते राज्याच्या आणि देशाच्या योजनांतही वर्षानुवर्षे लिहिलेले होते. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. मोहीम मोठी तोलामोलाची. गावेच्या गावे रात्री कंदील लावून शिकली, साक्षर झालेल्या गावांचे ग्रामगौरव समारंभ झाले. परंतु मोहिमेची वयोमर्यादा चौदा ते पन्नास. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम आला, त्यात मर्यादा पंधरा ते पस्तीस. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाचा भरही त्याच वयावर. यामागचा हिशेब आम्हांस समजतो. पैसा थोडा, निरक्षर फार. तेव्हा ज्याच्या हातून अजून वीस-तीस वर्षे काम व्हावयाचे त्याला आधी शिकवावे. बियाणे अपुरे असले म्हणजे शेतकरीही आधी चांगल्या जमिनीतच पेरतो. पण त्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नव्हती. अंगठा द्यावयाची वेळ माणसावर विशीत येते त्यापेक्षा साठीनंतर अधिक येते. वारसाची नोंद, फेरफार, हयातीचा दाखला, श्रावणबाळ योजनेचा अर्ज, इस्पितळातला संमतीचा कागद, हे सगळे म्हातारपणाचे कागद आहेत.

२०२२ ते २०२७ या मुदतीच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील सर्व, अशी मर्यादा आहे. वरची अट नाही. परीक्षा देणाऱ्या आजीबाईंची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहतो. चांगले आहे. एवढेच वाटते की, परीक्षेचा दिवस पार पडल्यावर पाटी फळीवर जाऊ नये.

या बाबतीत आमच्या पाहण्यात आलेले सर्वांत समंजस काम एका लहानशा गावचे आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे म्हणून खेडे आहे. तेथील प्राथमिक शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' काढली. निमित्त साधे होते. गावात पोथीवाचन चाले, आणि आम्हांलाही वाचता आले असते तर, असे म्हाताऱ्यांनी बोलून दाखविले. असे बोलणे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. बांगरांनी ते मनावर घेतले, एवढाच फरक. साठ ते नव्वद वयाच्या बाया, अंगावर गुलाबी लुगडी, खांद्याला दप्तर, अशी शाळा दुपारी दोन तास भरू लागली. शिकविणारी गावचीच एक सून, आणि विद्यार्थिनींत तिची सासूही.

लुगड्यांच्या रंगाचे वृत्तपत्रांनी फार कौतुक केले. आम्हांस महत्त्व वाटते ते वेळेचे. दुपारी दोन ते चार ही बाईमाणसाची मोकळी वेळ. चूल झालेली असते, गुरे यावयाची असतात. रात्रीचा वर्ग पुरुषांच्या सोयीचा. म्हाताऱ्या बाईस रात्री दिसत नाही आणि वाटेने येववत नाही. गणवेशाचाही आम्हांस लागलेला अर्थ असा की, त्यांतील पुष्कळशा विधवा असणार. इतकी वर्षे ज्या रंगाकडे पाहावयाचे नाही असे मानले, तो अंगावर घालून त्या भर रस्त्याने शाळेत गेल्या. 'क' गिरवणे त्याहून सोपे असावे.

केनिया देशात किमानी मारुगे नावाचे वृद्ध गृहस्थ होते. तेथे प्राथमिक शिक्षण विनामूल्य झाल्यावर २००४ साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते पहिल्या इयत्तेत जाऊन बसले. बायबल स्वतः वाचावयाचे, दुसऱ्याने वाचलेले नको, असा त्यांचा हट्ट. फांगण्याच्या आजींना पोथी हवी होती आणि यांना बायबल. दुसऱ्याच्या तोंडून आलेल्या अक्षरावर किती विश्वासावे, हा प्रश्न सगळीकडच्या म्हाताऱ्यांना पडलेला दिसतो.

आपल्या जिल्ह्यात हे काम फांगण्याहून अवघड आहे. कापसाच्या हंगामात साठीची बाईही वावरात असते. वर्ग भरवावयाचा तर फाल्गुन ते वैशाख, आणि तोही सकाळी. शिवाय भाषेचा प्रश्न आहे. झरी जामणी, मारेगाव, केळापूर या भागांतील पोडावरचा वृद्ध कोलामी बोलतो. पुसद-दिग्रसकडील तांड्यावरची याडी गोरमाटी बोलते. त्यांना आपण मराठी धुळाक्षरे देतो, म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी शिकावयास सांगतो. त्यांच्या बोलीतील शब्द देवनागरीत लिहून आरंभ केला तर निम्मे ओझे उतरेल. तो शब्द सांगणार कोण? तीच म्हातारी. तेवढ्यापुरता शिक्षकाने विद्यार्थी व्हावे लागेल, आणि ते निवृत्त शिक्षकास फार जड जाते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

आणखी एक. पाटीच्या आधी चष्मा. ज्या म्हाताऱ्यांना आपण मंदबुद्धी समजतो त्यांतील कित्येकांस केवळ अक्षर दिसत नसते. आमच्या ओट्यावर पुढे आलेल्या चार बायांपैकी दोघींना मोतीबिंदू होता.

आता पेन्शनर मंडळींकडे वळतो. फ्रान्समध्ये तुलूझ येथे पिएर वेलास या प्राध्यापकाने १९७३ साली 'तिसऱ्या वयाचे विद्यापीठ' काढले. निवृत्तांनी येऊन प्राध्यापकांकडून शिकावे, अशी त्याची घडण. पुढे १९८१-८२ च्या सुमारास ती कल्पना इंग्लंडात गेली, तेव्हा तेथील वृद्धांनी प्राध्यापकच काढून टाकले. ज्याला जे येते त्याने ते इतरांस शिकवावे. पदवी नाही, परीक्षा नाही. आम्हांस ही दुसरी रीत आपल्याकडे रुजेल असे वाटते, कारण भजनी मंडळे याच रीतीने चालत आलेली आहेत. निवृत्त तलाठ्याने सातबारा कसा वाचावा ते सांगावे, परिचारिकेने औषधाची चिठ्ठी, एस.टी.तल्या मेकॅनिकने मोटारपंप. अनुदानित वाचनालयाची खोली गावात असतेच, आणि दुपारी ती बहुधा रिकामी असते.

आणि वयाची सबब सांगणाऱ्यांस आम्ही वणीच्या लोकनायक बापूजी अण्यांचे नाव सांगतो. १८८० चा जन्म. चळवळी झाल्या, तुरुंग झाला, बिहारचे राज्यपालपद झाले, आणि त्यानंतर उतारवयात हा मनुष्य टिळकांवर संस्कृत महाकाव्य रचीत बसला. १९६८ साली ते गेले. त्या 'श्रीतिलकयशोऽर्णवा'स साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७३ साली, त्यांच्या पश्चात मिळाला. आपल्यातील कोणी महाकाव्य लिहील अशी आमची अपेक्षा नाही. आर्णी तालुक्यात उमरी पठार येथे संत दोला महाराजांच्या नावाचा वृद्धाश्रम आहे. तेथील एखाद्या आजोबांजवळ बसून त्यांचे पत्र त्यांच्याकडूनच लिहवून घेतले तरी पुष्कळ झाले. फळे वाटून फोटो काढण्यास जितका वेळ लागतो त्याहून थोडा अधिक लागेल, इतकेच.

आमच्या ओट्यावर सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ ते साडेदहा वर्ग असतो. सध्या पाच बाया येतात आणि एक बुवा. ते दाराशी बसतात, कारण बायांत बसावयास लाजतात. पाट्या आहेत, सतरंज्या दोन आहेत. मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहू शकेल असा एक माणूस हवा आहे. आमचा हात आता कापतो. कोलामी बोलणारे कोणी सभेत असतील तर व्याख्यान संपल्यावर त्यांनी आम्हांस अवश्य भेटावे. आम्ही दाराजवळच्या बाकावर बसणार आहोत.