ताळेबंद आणि ध्यान

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ध्यान कशाला, ही शंका रास्तच आहे. कोलकात्याच्या आयआयएममध्ये प्रा. एस. के. चक्रवर्ती यांनी मानवी मूल्यांचे केंद्र उभारले, तेव्हा आधार भारतीय तत्त्वचिंतनाचा होता. ध्यानाला प्रयोगांचा आधार पुढे मिळाला. इन्सियाड या व्यवस्थापन संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास बोलका आहे. सुमारे १५ मिनिटे श्वासाकडे लक्ष दिलेली माणसे बुडीत पैशाच्या मोहात कमी अडकली. ‘एवढा खर्च झालाच आहे, आता मागे कसे फिरायचे’ हा हट्ट त्यांच्यात कमी दिसला. कारखाने अशा हट्टापायीही बुडू शकतात, त्यामुळे तो सोडण्याचे कौशल्य शिकवण्याजोगेच आहे.

पण यात धर्म शिरतो, असा आक्षेप येतो. श्वासाच्या सरावाला श्रद्धेची अट नाही. तरीही तो ऐच्छिकच असावा. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: जादा कामाने पिचलेल्यांना गप्प बसवण्याचे हे साधन ठरेल. शिवाय ध्यानाने काम वाढतेच असेही नाही: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत ध्यानानंतर कामाची ओढ घटली, कामगिरी मात्र सुधारली नाही की ढासळलीही नाही. तेव्हा उत्पादकता वाढवण्याची गोळी म्हणून ध्यान विकणाऱ्यांनी हे निष्कर्ष आधी वाचावेत. वर्गात ध्यान निर्णयशास्त्राच्या तासाला शिकवावे, पुराव्याच्या मर्यादांसकट.