आकड्यांसकट

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटीतली वाटचाल’ असा विषय दिला होता. त्यांना विचारूनच मी तो बदलला आहे. आज मी पैशांविषयी बोलणार आहे. आपल्या वर्गातल्या आम्ही सहा मुली गेली चार वर्षे एक वही लिहितो आहोत, त्या वहीविषयी. पंचेचाळिशीच्या बायकांना ‘मुली’ म्हणायची सोय फक्त याच अंगणात आहे, म्हणून ती घेते.

वही साधी दोनशे पानी आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर, बंगळुरू अशी ती कुरिअरने फिरते. जिच्याकडे येईल तिने महिन्याभरात आपल्या पैशांविषयी लिहायचे आणि पुढे पाठवायची. नियम तीन. आकडे लिहायचे, ‘बरा पगार’, ‘थोडे कर्ज’ असे चालणार नाही. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आणि कोणी काय लिहिले ते बाहेर न्यायचे नाही, घरीसुद्धा नाही. आज जे सांगते आहे ते जिचे तिला विचारून, नाव न घेता. वहीतही कोणी नाव घालत नाही. गरजच पडत नाही, अक्षर अजून शाळेतलेच आहे.

हे नियम मी माझ्या कामातून उचलले. आमच्याकडे रात्री सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी अहवाल लिहितात. त्यात कोणाला दोष द्यायचा नसतो. किती वाजता काय झाले, ते का लक्षात आले नाही आणि आता काय बदलायचे, एवढेच लिहायचे. दोष लागणार नाही म्हटल्यावर माणसे खरे लिहितात. पैशांचेही तसेच आहे.

बायका पैशांवर बोलत नाहीत असे मी म्हणणार नाही. आपल्या आया भिशी लावत होत्या, डाळीच्या डब्यात नोटा जपत होत्या. पण बोलताना आपण ‘चाललंय बरं’ इथे थांबतो. लिहायला बसले की आकडा शोधावा लागतो. आमच्यातल्या एकीने पहिल्या पानासाठी कपाटातले सगळे कागद काढले. घराच्या हप्त्यातला निम्मा भाग नऊ वर्षे तिच्या खात्यातून जात होता आणि करारनाम्यावर तिचे नाव नव्हते. कोणी फसवले नव्हते. त्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी होती आणि सही एकट्याची झाली. पुढे बक्षीसपत्र करून नाव लागले. त्याआधी चार महिने घरात अबोला होता, हेही तिने लिहिले आहे. ते वाचून बाकीच्या पाचजणींनी आपापले करारनामे काढून पाहिले.

दुसरीने मूल झाल्यावर नोकरी सोडली तेव्हा प्रॉव्हिडंट फंडाचे दोन लाख काढले. त्यात घराचे फर्निचर झाले. वहीत तिने फक्त हिशेब मांडला: दोन लाख, दर ८ टक्के, मुदत १८ वर्षे, चक्रवाढ. रास होते जवळजवळ आठ लाख. सर, हे गणित तुम्ही आम्हाला फळ्यावर शिकवले होते. त्यात ‘एका माणसाने बँकेत ठेवले’ असे असायचे. तो माणूस आपण असू शकतो, हे आम्हा मुलींच्या मनात कधी आले नाही.

तिसरीचे पान सर्वांत अवघड होते. तिचे यजमान अचानक गेले. मूलबाळ नाही. स्वतःची वीस वर्षांची नोकरी, स्वतःची बचत, आणि सांभाळायला आई. वकिलांनी तिला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे १५ वे कलम समजावले. मृत्युपत्र न करता स्त्री वारली तर तिच्या कमाईवर पहिला हक्क नवरा आणि मुलांचा. ती नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा. तिचे स्वतःचे आई-वडील त्यांच्यानंतर. म्हणजे तिच्या आईच्या आधी दीर. तिने त्याच आठवड्यात मृत्युपत्र केले. साधा कागद चालतो, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. ‘बँकेत आईला नॉमिनी केले आहे’ यावर ती तोवर निर्धास्त होती. पण बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी पैसे स्वीकारतो, तेवढ्याने मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. हे पान वाचल्यावर आम्हा सहाहीजणींची मृत्युपत्रे झाली.

सगळी पाने अशी जड नाहीत. एकीने आपला पगार लिहिला. त्याच क्षेत्रातल्या दुसरीने तो वाचला आणि पुढच्या मुलाखतीत न लाजता तेवढा मागितला. मिळाला. एकीने दर महिन्याला आई-वडिलांना पाच हजार पाठवते आणि ते घरी सांगितलेले नाही, असे लिहिले. पुढच्या पानावर दुसरीने एवढेच लिहिले, ‘मीपण.’

मराठीत हे नवे नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण सगळ्यांनी वाचली आहेत. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि संसार कसा ओढावा लागे, हे त्यांनी नवऱ्यावरच्या मायेसकट आणि हसत लिहून ठेवले. १९३४ साली तो पहिला भाग छापून आला. घरची ओढाताण लिहिल्याने घराची अब्रू जाते, असे त्यांना वाटले नाही. आपल्याला मात्र अजून वाटते.

वर्गातल्या मुलग्यांना एक सांगायचे आहे. ही वही तुमच्याविरुद्ध नाही. तिच्यात तुमच्यासारख्या नवऱ्यांची तक्रार फार थोडी आहे. न विचारलेले प्रश्न मात्र पुष्कळ आहेत. आज घरी गेल्यावर बायकोला कोणते कागद कुठे आहेत एवढे दाखवलेत तरी पुरे. तुम्हालाही वही हवी असेल तर वेगळी सुरू करा, नियम फुकट देते.

आमची वही आज मी आणलेली नाही. ती तिसऱ्या नियमात बसत नाही. पण एक कोरी वही आणली आहे. चहाच्या टेबलाशेजारी मी बसणार आहे. ज्या मैत्रिणींना यायचे असेल त्यांनी पत्ता लिहून द्यावा. नोकरी नसलेल्यांनी तर जरूर यावे, कारण ‘माझ्या नावावर काही नाही’ हाही एक आकडा आहे आणि तो लिहिल्याशिवाय बदलत नाही.