डबा शोधायला निघालं घर

जिओकॅशिंग या नावाला बिचकू नका, लपवलेला डबा शोधायचा हा खेळ आहे. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात एकाने रानात बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश लोकांना कळवले. सापडली की वहीत नाव लिहायचं. एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची ठेवायची.

आम्ही गटातल्या बायका एका रविवारी घरच्यांना घेऊन हे खेळलो. डब्यात वही, पेन, रिबिनी. (खाऊ ठेवू नका, मुंग्या आधी पोचतात!) अट एकच: फोन आईच्या हातात.

“फोनमधलं पोरालाच कळतं,” म्हणणाऱ्या आमच्या एक ताई नकाशा बघत पुढे, मुलगा मागे. फोन म्हणाला, पोचलात. डबा कुठेच नाही! फोन चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतोच. ताई रडकुंडीला आल्या. तेवढ्यात त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, “हा दगड आपल्या बांधावरचा नाही.” उचलला, तर खाली डबा.

वहीत ताईंनी नाव लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, “माझंही लिही.” ताईंनी पेनच त्यांच्या हातात दिलं. पुढच्या रविवारी डबा लपवायची पाळी या दोघींची आहे.