वाळवंटातली गिटार



आपल्या ग्रुपवर तीच जुनी गाणी फिरतात. मलाही आवडतात, पण आज एक नवं नाव सुचवतो: एमदू मोक्तार. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाचा, तुआरेग समाजातला गिटारवादक. घरच्यांना संगीत पसंत नव्हतं. यानं सायकलच्या ब्रेकच्या तारा लावून स्वतःच गिटार बनवली.

2008 मध्ये त्यानं नायजेरियात गाणी रेकॉर्ड केली. ती पसरली मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून, या फोनमधून त्या फोनमध्ये. आपण कॅसेटी भरून घ्यायचो, तसंच!

2023 मध्ये नायजरमध्ये लष्करानं सत्ता घेतली, तेव्हा तो बँडसह अमेरिकेत दौऱ्यावर होता. घरी परतता येईना. त्यानंतर या मंडळींनी आपल्याच अल्बमची गाणी शांत, अकूस्टिक गिटारवर पुन्हा वाजवली. तो अल्बम ‘टियर्स ऑफ इनजस्टिस’. तामाशेक भाषेतला एक शब्द मला कळत नाही. पण परदेशात राहणाऱ्या आपल्या मित्रांनी तो रात्री एकट्यानं ऐकावा.

सर, तुम्हीही यापासूनच सुरुवात करा. ‘आफ्रिक व्हिक्टिम’मध्ये गिटार फार कडाडते. जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे या, हेडफोन आणलाय.