दुसरी वाट चालू आहे ना?



खरीप तोंडावर आला की पीककर्जासाठी सातबारा लागतो. १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. बाळापूर तालुक्यातला शेतकरी केंद्रावर जातो, गट नंबर सांगतो आणि कधीमधी त्याला ऐकावे लागते, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ परत फिरताना त्याच्या मनात धास्ती असते, आपली नोंद तर गेली नाही ना? त्या धास्तीबद्दल मला आज बोलायचे आहे. अशा वेळी नोंद बहुधा जागच्या जागी असते. तिच्यापर्यंत जाणारी वाट कुठेतरी अडलेली असते.

मोठ्या माहिती केंद्रात, मग ते सरकारी असो की बँकेचे, सर्व्हर आणि साठवण या सहसा वेगवेगळ्या पेट्या असतात. सर्व्हर काम करतो. नोंदी मात्र डिस्कांनी भरलेल्या दुसऱ्याच कपाटात राहतात. त्याला तिथली मंडळी नुसते ‘स्टोरेज’ म्हणतात. पूर्वी डिस्क सर्व्हरच्याच पोटात असत, नाहीतर स्कझी नावाच्या जाड केबलने त्याला बांधलेल्या. ती केबल लांबवून लांबवून किती, तर फार तर पंचवीस मीटर. सर्व्हर बसला की डिस्कांवरची माहितीही त्याच्यासोबत अडकली. १९९४ साली फायबर चॅनेल हे मानक मंजूर झाले आणि स्कझीचेच हुकूम काचेच्या तंतूतून, प्रकाशावर स्वार होऊन जाऊ लागले. एक स्टोरेज अनेक सर्व्हरांना वाटून देता येऊ लागले. सुरुवातीच्या काळात वेग सेकंदाला १ गिगाबिटपर्यंत होता. आज ६४ गिगाबिटची यंत्रे मिळतात. पण मला वेगापेक्षा त्याची शिस्त मोलाची वाटते. समोरच्याने ‘माझ्याकडे एवढी जागा आहे’ असे कळवल्याशिवाय पाठवणारा काही पाठवतच नाही. गर्दी झाली म्हणून नोंदीचा तुकडा वाटेत टाकून दिला, असे या जाळ्यात सहसा होत नाही.

आता जोडणी कशी करतात ते पाहू. सर्व्हरमध्ये एक खास कार्ड बसवतात, त्याला एचबीए म्हणतात. कार्डाच्या प्रत्येक पोर्टला कारखान्यातूनच सोळा अंकी-अक्षरी ओळख मिळालेली असते. सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणाऱ्या स्विचवर झोनिंग करताना ही ओळख वापरून ठरवतात की कोणत्या सर्व्हरने कोणत्या स्टोरेजशी बोलायचे. मग स्टोरेजवर पुन्हा सांगायचे, की डिस्कचा हा हिस्सा याच सर्व्हरला दिसू दे. इथे हयगय चालत नाही. एकच हिस्सा दोन सर्व्हरांना चुकून दिसला आणि दोघेही आपापल्या मर्जीने त्यावर लिहू लागले, तर नोंदी अशा विस्कटतात की मग शेवटच्या बॅकअपकडेच धाव घ्यावी लागते.

केबलचे टोक हातात घेऊन पाहण्यासारखे असते. आतला प्रकाश वाहणारा गाभा ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक. त्यावर धुळीचा एक कण बसला की प्रकाश अडतो. वऱ्हाडात उन्हाळ्यात धूळ कुठवर शिरते हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून टोकावरचे प्लास्टिकचे टोपण खोचण्याच्या क्षणापर्यंत काढायचे नाही, आणि काढल्यावर टोक पुसूनच लावायचे. बोट लावायचे नाही, आणि डोळा तर मुळीच नाही. हा प्रकाश बहुधा ८५० नॅनोमीटरचा असतो, तो दिसत नाही. पण डोळ्याला घातक ठरू शकतो.

केबल नीट लावली तरी वाट एकच असून भागत नाही, हे सांगताना मला बाळापूरचा किल्ला आठवतो. तो मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे. एलिचपूरच्या नवाब इस्माईल खानाने तो १७५७ साली पुरा केला. पावसाळ्यात पूर आला की एक जागा सोडून चोहीकडे पाणी, असे त्याचे जुने वर्णन आहे. किल्ल्याला ते सोयीचे, कारण शत्रूला एकच वाट उरते. स्टोरेजच्या बाबतीत नेमकी तीच गोष्ट घात करते. म्हणून जाणकार माणूस कार्डाची दोन पोर्ट, दोन वेगळे स्विच आणि स्टोरेजचा कारभार पाहणारे दोन कंट्रोलर अशी जोडणी करतो. दोन्ही स्विच एकमेकांना जोडत नाही, म्हणजे एकीकडची चूक दुसरीकडे पसरत नाही. प्रत्येक स्विचमधून दोन्ही कंट्रोलरकडे, अशा चार वाटा होतात. गंमत अशी की सर्व्हरला मग एकच डिस्क चार वेळा दिसते. ‘या चारही वाटा एकाच दाराशी जातात’ हे त्याला समजावणारे काम मल्टिपाथिंगचे सॉफ्टवेअर करते. वेरिटास कंपनीचे असे सॉफ्टवेअर जगभर वापरले गेले, आणि त्या कंपनीच्या पुण्याच्या केंद्रात मराठी मुलामुलींनी वर्षानुवर्षे साठवणुकीच्या सॉफ्टवेअरवर काम केले. याचा मला अभिमान वाटतो.

पण चार वाटा कागदावर असणे वेगळे आणि चालू असणे वेगळे. एक केबल ढिली झाली तर काम थांबत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. महिने जातात. मग उरलेला स्विच बंद पडतो आणि त्या दिवशी कळते की दुसरी वाट केव्हाच मेली होती. यावर उपाय एकच, आणि माझा त्यावर पुरा विश्वास आहे. काम कमी असेल अशा रात्री, आधी बॅकअप घेऊन आणि सर्वांना कळवून, एका बाजूची केबल स्वतःच्या हाताने काढायची. काम सुरू राहते का ते पाहायचे. पुन्हा लावायची, चारही वाटा परत दिसेपर्यंत थांबायचे, आणि मगच दुसरी बाजू काढायची.

एक सांगायलाच हवे. दोन वाटा म्हणजे दोन प्रती नव्हेत. चुकीची नोंद दोन्ही वाटांनी तितक्याच बिनचूकपणे पोचते. आणि कपाटच जळाले तर चार काय, चाळीस वाटांचाही उपयोग नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या कितीतरी कागदी फायली गेल्या. कागदाचे जे झाले ते डिस्कचेही होऊ शकते. दुसरी प्रत दुसऱ्या गावी हवीच.

अकोला-अमरावतीकडच्या बँका, पतसंस्था, रुग्णालये आणि महाविद्यालये यांच्या संचालकांना आणि प्रमुखांना माझी विनंती आहे. स्टोरेज केवढ्याचे घेतले हे तुम्ही विचारताच. पुढच्या बैठकीत आपल्या संगणक विभागाला आणखी एक विचारा, केबल काढून शेवटची चाचणी कधी घेतली? तारीख सांगता आली नाही, तर चाचणीची तारीख बैठक संपण्याआधी ठरवून घ्या.